एकोणचाळीस नंबरचा कप्पा

या गावाला नेव्हेडा म्हणतात, नेवाडा नव्हे,
पहिल्याच दिवशी मला दोघांनी दुरुस्त केलं.
आयोवातला जुलै. कौंटीची जत्रा.
डुकरांच्या गोठ्यात पंखे असे घुमतात
की कुणाचंच बोलणं पुरतं ऐकू येत नाही,
ओठ हलताना दिसतात, आणि उडणारा भुसा.

माझं काम सोपं आहे.
कापसाची काडी नाकपुडीत फिरवायची,
नळीत मोडायची, वर नंबर लिहायचा.
आई फोनवर विचारते, आज काय केलंस?
नाकं पुसली, म्हणते मी.
कुणाची, हे तिने विचारणं सोडलंय.

एकोणचाळीस नंबरला लेनी हॉगलंड, वय अकरा,
आणि तिचं डुक्कर, बिस्किट.
रात्री ती पेंढ्यावर त्याच्या पोटाला टेकून झोपते.
एका कपातलं आईस्क्रीम दोघं खातात,
आधी कोण, यावर भांडण नाही.
"जरा खोकतोय तो," लेनी म्हणाली
आणि स्वतःच खोकली.

*

फ्लूचा विषाणू म्हणजे आठ तुकडे.
न शिवलेली वही, सुटी पानं.
एकाच पेशीत एकाच रात्री दोन विषाणू उतरले
तर दोन बिऱ्हाडांचं सामान
एका खोलीत ओतल्यासारखं होतं;
पहाटे निघताना अंधारात
कोण कुणाचं बोचकं उचलतं, पत्ता नसतो.
बहुतेक पुढे जातच नाहीत,
स्टोव्ह एकाचा, पिन दुसऱ्याची.
एखादं बिऱ्हाड मात्र नांदतं.

आणि डुकराच्या श्वासनळीत
पाखरांची किल्लीही चालते, माणसांचीही.

बाबा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते.
कुठलाही आजार पसरला की म्हणायचे,
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
बाबा, इथे या, हा पडदा बघा.
वाणसुद्धा लागतो.

ब्रेंडा, शेजारच्या टेबलावरची, गमतीत म्हणाली,
तूही तशीच की, थोडी तिकडची, थोडी इकडची.
मी कॉफी ढवळत राहिले.
माझ्यावर लस शोधायची वेळ
अजून कुणावर आलेली नाही, ब्रेंडा.

*

गुरुवारी एम्सच्या प्रयोगशाळेत अक्षरांच्या रांगा आल्या.
सहा तुकडे डुकरांचे, जुने, ओळखीचे,
या मक्याच्या मुलखात वर्षानुवर्षं फिरणारे.
चौथा आणि सहावा, बाहेरच्या काट्यांचे दोन,
ते माणसांचे.
गेल्या हिवाळ्यातले.

म्हणजे कुणीतरी जानेवारीत
कणकण अंगावर काढून दाणे घालायला गेलं.
गोठ्यातल्या ऊबेत शिंकलं.
बाहीला नाक पुसलं.
बातमीत मात्र येईल: डुकरांचा फ्लू.

जानेवारीत मलाही ताप होता.
दोन गोठे केले होते त्या आठवड्यात.
मास्क होता.
बहुतेक होता.
थर्मासमधला चहा घेताना खाली केला, तेवढाच.
मी तारखा पुन्हा पाहिल्या,
मग नकाशा,
मग माझं टेबल पुसून काढलं, नको इतक्या वेळा.

*

शुक्रवारी बिस्किटला रिंगणात सोडलं नाही.
जत्रेतली सगळीच डुकरं शेवटी ट्रकमध्ये चढतात,
याला फक्त एक दिवस आधी.
तिथल्या मुलांना हे लहानपणापासून ठाऊक असतं,
म्हणून कुणी समजावत बसत नाही.

लेनी त्याला आंघोळ घालत होती,
नारळाच्या वासाचा शाम्पू,
कानामागे जपून, बोट फिरवून.
तिची आई कुंपणापाशी फॉर्म भरत होती.
मी हातमोजे चढवले, मास्क नीट दाबला,
लेनीच्या नाकासाठी नवी काडी काढली.
तिने मान वर केली, बिस्किट करायचा तशीच,
आणि विचारलं,
"माझ्यामुळे झालं का त्याला?"

पंखे घुमत होते.
मी काहीतरी म्हणाले.
मास्कच्या आत ओठ हललेलेही तिला दिसले नसतील.

ट्रक चार वाजता आला.